बिग बझार कोणी बुडवलं? आधी भाडेकरार बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या मामांचा प्लास्टिकच्या डब्या-बादल्यांचा छोटा कारखाना. एका सुपरमार्केट साखळीकडे (नाव लिहू नका म्हणालात, नाही लिहीत) त्यांचे सतरा लाख अडकलेत आणि ती साखळी आता अवसायनात, म्हणजे बंद करून उरलंसुरलं विकायच्या प्रक्रियेत, आहे. त्यावरून घरात बिग बझारचा विषय निघाला आणि वाद पेटला. मामा म्हणतात, अ‍ॅमेझॉनने खोडा घातला म्हणून ते बुडालं. धाकटा भाऊ म्हणतो, रिलायन्सने दुकानं फुकटात गिळली. वडील म्हणतात, बिग बझारच्या मालकांनी, बियाणींनी, झेपेना एवढा घास घेतला. यातलं खरं काय, आणि अशा वेळी मामांसारख्यांना पैसे मिळतात का?

पैशांचं शेवटी सांगतो. ते उत्तर लहान आहे आणि गोड नाही.

मी एकतीस वर्षं बँकेत होतो, त्यातली निम्मी व्यापारी कर्जांच्या विभागात गेली. निवृत्तीनंतर मामांसारख्या लहान पुरवठादारांचे दावे भरून देतो. बिग बझार चालवणाऱ्या फ्युचर रिटेल कंपनीचं खातं माझ्या टेबलावर कधीच आलं नाही. म्हणून त्या कंपनीबद्दल खाली जे आहे ते शेअर बाजाराला दिलेल्या पत्रांमधलं, कोर्टाच्या आदेशांमधलं. मत मात्र माझं.

तुमच्या घरातले तिघंही थोडे थोडे बरोबर आहेत. गोंधळ होतो तो दोन वेगळे प्रश्न एकात मिसळल्यामुळे. धंदा आजारी का पडला, हा एक. आणि मेल्यावर देणेकऱ्यांच्या (म्हणजे ज्यांचे पैसे कंपनीकडे अडकलेत त्यांच्या) हाती राखसुद्धा का लागली नाही, हा दुसरा. शिवाय एका आरोपीचं नाव तुमच्या घरात कुणी घेतलंच नाही. ती म्हणजे बँक. माझीच जात.

गिऱ्हाईक नव्हतं म्हणून बिग बझार बुडालं, असं कुणी म्हणत असेल तर ते आधी काढून टाका. किशोर बियाणींनी १९९७ मध्ये कोलकात्यात पँटालून्सचं मोठं दुकान उघडलं आणि २००१ मध्ये कोलकाता, हैदराबाद, बंगळूर इथे बिग बझार सुरू केलं. मध्यमवर्गीय गिऱ्हाईक चकचकीत, गार, शांत दुकानाच्या दारात बिचकतं, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून दुकानात मुद्दाम दाटी ठेवली, मालाचे ढीग लावले, धान्य हातात घेऊन बघता येईल असं मांडलं. २००६ च्या २६ जानेवारीला ‘सबसे सस्ता दिन’ काढला तेव्हा काही ठिकाणी गर्दीमुळे दारं बंद करायची वेळ आली. कोविडच्या साथीच्या आधीच्या वर्षात फ्युचर रिटेलची विक्री वीस हजार कोटींच्या आसपास होती. विक्रीकडे बघून कुणी या कंपनीला आजारी म्हटलं नसतं.

आजार दुसऱ्या बाजूला होता. किराण्याच्या साखळीत गिऱ्हाईक रोख देतं आणि पुरवठादाराला तीस, साठ, कधी नव्वद दिवसांनी द्यायचं असतं. नवं दुकान उघडलं की माल उधारीवर भरला जातो आणि गल्ला पहिल्या दिवसापासून सुरू होतो. त्यामुळे दुकानं वाढत असतात तोवर हातात रोकड खेळत राहते आणि ती नफ्यासारखी दिसते. नफा नसतो तो. मामांचे पैसे असतात. विस्ताराचा वेग जरा कमी झाला की मागची बिलं एकदम अंगावर येतात, मग ती भागवायला कर्ज, आणि कर्जाचं व्याज भागवायला आणखी विस्तार. मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक बुडालेल्या साखळीत हे चक्र होतं. चेन्नईची सुभिक्षा याच रस्त्याने गेली. सोळाशेच्या आसपास दुकानं होती आणि २००९ च्या सुरुवातीला पगारालासुद्धा रोकड उरली नाही.

बियाणींना पहिला इशारा २०१२ मध्येच मिळाला होता. कर्जाचा बोजा असह्य झाला तेव्हा पँटालून्स, म्हणजे ज्या दुकानापासून सगळं सुरू झालं तेच, आदित्य बिर्ला समूहाला द्यावं लागलं. त्यातून सोळाशे कोटींचा भार हलका झाला. त्याच वर्षी वित्त कंपनी वॉरबर्ग पिंकसला विकली. घरातलं सोनं विकून माणूस एकदा सावरतो, तसं ते सावरणं होतं. आमच्या विभागात तेव्हा चर्चा अशी की आता हा गृहस्थ पाच वर्षं शांत बसेल.

बसले नाहीत. २०१४ मध्ये नीलगिरीज, २०१५ मध्ये भारतीची ईझीडे, २०१६ मध्ये हेरिटेज फ्रेश, २०१७ मध्ये हायपरसिटी, तेही सुमारे ६५५ कोटींना. यातली ईझीडे, हेरिटेज आणि हायपरसिटी तोट्यात चालणारी दुकानं होती. तोट्यातलं दुकान घेऊन फायद्यात आणणं अशक्य नसतं, पण त्याला वेळ लागतो, आणि कर्जाचा हप्ता त्या वेळेसाठी थांबत नाही.

आता जो भाग सांगतो तो कंटाळवाणा वाटेल, पण सगळं प्रकरण तिथे आहे. २०१६ च्या फेररचनेनंतर या समूहाचं एक दुकान म्हणजे काय होतं ते बघा. दुकानातला माल फ्युचर रिटेलचा. पण रॅक, फ्रीज, फर्निचर हे सगळं फ्युचर एंटरप्रायझेस या दुसऱ्या कंपनीचं, फ्युचर रिटेलकडे भाड्याने. गोदामं आणि वाहतूक तिसऱ्या कंपनीकडे. घरच्या ब्रँडचे खाद्यपदार्थ चौथीकडे. सेंट्रल आणि ब्रँड फॅक्टरीसारखी कपड्यांची दुकानं पाचवीकडे. आणि ज्या जमिनीवर हे सगळं उभं, ती जागा यांच्यापैकी कुणाचीच नाही. ती मॉलवाल्याची किंवा बिल्डरची.

मग फ्युचर रिटेलकडे स्वतःचं असं काय होतं? शेल्फवरचा माल आणि भाडेकरार. बस.

इथे माझी एक गोष्ट सांगतो, माझ्या चुकीची आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या शाखेचं एका मध्यम साखळीला कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावर फिरतं कर्ज, होतं. नाव नको. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट यायचं, त्यातून न दिलेल्या बिलांचा माल वजा करून आम्ही ड्रॉइंग पॉवर, म्हणजे किती उचल द्यायची ती मर्यादा, काढायचो. एकदा मला संशय आला म्हणून न सांगता एका दुकानात गेलो. बाहेरून सगळं भरगच्च. साबणाच्या रांगेत हात घातला, पुढची वडी उचलली, मागे रिकामी फळी. पुढची उचलली, तेच. प्रत्येक वस्तू एक-एक नग पुढे ओढून लावलेली, मागे कोपरापर्यंत हात जाईल एवढी पोकळी. या धंद्यात त्याला फेसिंग करणं म्हणतात. एरवी ते सजावटीसाठी असतं, इथे झाकायला होतं. गोदामात वरच्या थरातले खोके जड होते, खालचे हलके. मॅनेजर म्हणाला, "साहेब, गाडी उद्याच येतेय." चांगला पोरगा होता, त्याचाही दोन महिन्यांचा पगार थकला होता हे नंतर कळलं.

मी अहवाल कडक लिहिला, मर्यादा कमी केली, आणि स्वतःवर खूष झालो. आठ महिन्यांनी जागामालकाने पाच महिन्यांचं भाडं थकलं म्हणून दुकानाला कुलूप ठोकलं. माल आमच्याकडे तारण, पण कुलपाच्या आत. मालक म्हणे आधी माझं भाडं. आमचे वकील पत्र लिहीत होते तोवर बिस्किटांच्या तारखा उलटून गेल्या आणि उंदरांची सोय झाली. शेवटी जे मिळालं ते सांगायची लाज वाटते. कर्ज मंजूर करतानाच्या टिपणीवर माझी सही आहे. त्या फाईलमध्ये मालाची चार परिशिष्टं होती. भाडेकराराची एकही प्रत नव्हती. मी मागितलीच नव्हती. गोदाम भाड्याचं असेल तर मालकाचं पत्र घ्यायची पद्धत बँकेत जुनी आहे, पण दुकानाच्या बाबतीत ते कुणाच्या डोक्यात येत नसे.

हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

प्रवर्तकांनी स्वतःचे शेअर तारण ठेवून समूहाच्या वरच्या खासगी कंपन्यांमध्ये कर्जं घेतली होती. ही कर्जं फ्युचर रिटेलच्या ताळेबंदात दिसत नाहीत. पण शेअरचा भाव पडला की सावकार आणखी तारण मागतो, ते दिलं नाही की शेअर ताब्यात घेतो, मग भाव आणखी पडतो. दुकान नीट चालत असलं तरी मालकाच्या खालची खुर्ची जाऊ शकते. २०१९ मध्ये बियाणींना पैसे हवे होते ते बरेचसे या वरच्या मजल्यासाठी.

तेव्हा अ‍ॅमेझॉन आली. आपल्याकडे विविध ब्रँड विकणाऱ्या दुकानांमध्ये परदेशी कंपनीला सरळ मालकी घेता येत नाही, त्याला अटी आणि मर्यादा आहेत. म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनने फ्युचर कूपन्स या प्रवर्तकांच्या खासगी कंपनीत ४९ टक्के हिस्सा सुमारे १,४३१ कोटींना घेतला. फ्युचर कूपन्सकडे फ्युचर रिटेलचा दहा टक्क्यांच्या आतला हिस्सा होता. करारात अशी अट होती की काही ठरावीक नावांना फ्युचर रिटेलची दुकानं विकायची नाहीत, आणि त्या नावांत रिलायन्स होती. मामांना इथे एवढंच म्हणेन: ही अट बियाणींनी डोळे उघडे ठेवून स्वीकारली होती. ज्या एका खरेदीदाराकडे संकटात जाता आलं असतं, त्याचं दार त्यांनी स्वतः पैसे घेऊन बंद केलं.

जानेवारी २०२० मध्ये कंपनीने परदेशात ५० कोटी डॉलरचे रोखे विकले, व्याज ५.६ टक्के. दोन महिन्यांत टाळेबंदी. लोक म्हणतात किराणा तर चालू होता. होता, पण बिग बझारचा नफा पिठा-तेलात नव्हता. तो कपडे, चादरी, भांडी यांत होता, आणि तो भाग बंद. कितीतरी दुकानं मॉलमध्ये, मॉल बंद. पहिल्या तीन-चार महिन्यांत सात हजार कोटींची विक्री गेली असं बियाणींनी नंतर जाहीरपणे सांगितलं. भाडं आणि व्याज मात्र थांबलं नाही. शेअर कोसळला, तारण ठेवलेले शेअर सावकारांनी ताब्यात घ्यायला सुरुवात केली. जुलैमध्ये त्या डॉलर रोख्यांचं व्याज ठरल्या तारखेला देता आलं नाही, सवलतीच्या मुदतीत कसंबसं दिलं.

२९ ऑगस्ट २०२० ला रिलायन्सने समूहाचा किरकोळ, घाऊक, गोदाम आणि वाहतूक हा सगळा धंदा २४,७१३ कोटींना घेण्याचं जाहीर केलं. त्या दिवशी बहुतेक बँकर्सनी सुटकेचा नि:श्वास टाकला. त्या भावात बँकांचं आणि पुरवठादारांचंही बरंचसं देणं भागलं असतं.

अ‍ॅमेझॉन सिंगापूरच्या लवादाकडे गेली, ऑक्टोबरमध्ये तातडीच्या लवादाने व्यवहाराला स्थगिती दिली. मग दिल्ली उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, स्पर्धा आयोग, अपील न्यायाधिकरण. ६ ऑगस्ट २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तातडीच्या लवादाचा आदेश भारतात लागू होतो असं सांगितलं, म्हणजे अ‍ॅमेझॉनची सरशी. डिसेंबरमध्ये स्पर्धा आयोगाने अ‍ॅमेझॉनच्या मूळ व्यवहाराची मंजुरीच स्थगित ठेवली आणि २०२ कोटींचा दंड लावला, म्हणजे फ्युचरची सरशी. माहिती लपवली असा आयोगाचा ठपका होता. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी हे सगळं जरूर वाचावं. दुकानाच्या दृष्टीने याचा अर्थ एकच, दीड वर्ष गेलं.

अ‍ॅमेझॉनचा दोष किती? करार मोडला जात असताना कोर्टात जाणं हा दोष नव्हे, तुम्ही-आम्हीही गेलो असतो. माझा आक्षेप वेगळा आहे. व्यवहार अडवायचा असेल तर त्याच्या बदल्यात कंपनी जगेल एवढे पैसे टेबलावर ठेवावे लागतात. जानेवारी २०२२ मध्ये, फ्युचर रिटेल बँकांचे ३,४९४ कोटी वेळेवर देऊ शकली नाही तेव्हा, समारा कॅपिटल या गुंतवणूक कंपनीचा सात हजार कोटींचा प्रस्ताव अजून उभा आहे अशी पत्रं अ‍ॅमेझॉनकडून आली. स्वतंत्र संचालकांनी विचारलं, महिनाअखेरीस बँकांचे साडेतीन हजार कोटी भरायची व्यवस्था होते का? झाली नाही. पत्रांनी हप्ते भरत नाहीत.

या दीड वर्षात दुकानांत काय चाललं होतं ते तुम्हीही पाहिलं असेल. रांगा विरळ, अर्ध्या फळ्यांवर एकाच घरच्या ब्रँडची बाटली. मी एका मोठ्या दुकानात सवयीने वडी उचलून बघितली. आत हात गेला.

भाडं थकत गेलं. जागामालक किती थांबणार? तेव्हा रिलायन्सने बऱ्याच जागामालकांशी स्वतः थेट करार केले आणि त्या जागा फ्युचर रिटेलला पोटभाड्याने दिल्या. बाहेरून बघता ही मदतच होती, त्याशिवाय दुकानं तेव्हाच बंद पडली असती. पण कागदावर त्या दिवसापासून जागा रिलायन्सची. अशा ८३५ दुकानांचे पोटकरार रिलायन्सने रद्द केले, त्यात ३४२ मोठी आणि ४९३ छोटी. कंपनीने शेअर बाजाराला कळवलं की तिच्या किरकोळ विक्रीतला ५५ ते ६५ टक्के भाग याच दुकानांतून येत असे. फेब्रुवारी २०२२ च्या शेवटच्या आठवड्यात ताबा घ्यायला माणसं पोचली, कर्मचाऱ्यांना नोकरी देऊ केली गेली, आणि पुढे त्यातल्या अनेक जागांवर स्मार्ट बझारच्या पाट्या लागल्या.

२४,७१३ कोटींना जे विकत घ्यायचं ठरलं होतं, त्याचा गाभा असा हातात आला. तुमच्या भावाचा राग मला कळतो. पण ‘गिळलं’ म्हणताना एक गोष्ट लक्षात घ्या, पोटभाडेकरूने भाडं दिलं नाही तर करार संपवण्याचा हक्क प्रत्येक मूळ भाडेकरूला असतो. हा हक्क रिलायन्सच्या हातात गेला तेव्हा कुणी आडवं यायला हवं होतं? कंपनीचं संचालक मंडळ, कारण करारांवर सह्या त्यांच्या बाजूने झाल्या. आणि बँका, कारण गमावण्यासारखं सगळ्यात जास्त त्यांचंच होतं.

बँका काय करत होत्या? २०२१ मध्ये साथीच्या सवलतीखाली कर्जाची फेररचना करून दिली. गृहीतक असं की रिलायन्सचा सौदा होणारच, आपण फक्त थांबायचं. कन्सॉर्शियममध्ये, म्हणजे अनेक बँकांनी मिळून कर्ज दिलेलं असतं तिथे, थांबणं फार सोपं असतं. वीस-तीस बँका, प्रत्येकीला वाटतं लीड बँक बघेल, लीड बँकेला वाटतं इतर तयार नाहीत, आणि प्रत्येक अधिकाऱ्याला ठाऊक असतं की घेतलेल्या निर्णयाची चौकशी होते, न घेतलेल्या निर्णयाची होत नाही. आमचं लक्ष आयुष्यभर मालावर. माल तारण, माल मोजा, मालाचा विमा काढा. आणि या साखळीची खरी मालमत्ता, म्हणजे मोक्याच्या नाक्यावरच्या जागेवर बसण्याचा हक्क, कागदोपत्री सरकत सरकत दुसऱ्याच्या नावावर गेली. मार्च २०२२ मध्ये बँक ऑफ इंडियाने वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली की फ्युचर रिटेलच्या मालमत्तेचा व्यवहार कुणी करू नये. तोवर दुकानांवरच्या पाट्या उतरल्या होत्या.

एप्रिलमध्ये रिलायन्सच्या योजनेवर मतदान झालं. मंजुरीला ७५ टक्के लागत होते. भागधारकांनी आणि विनातारण देणेकऱ्यांनी कौल दिला योजनेच्या बाजूने; तारणदार देणेकऱ्यांपैकी, म्हणजे मुख्यतः बँकांपैकी, ६९.२९ टक्के विरोधात गेले. रिलायन्सने हात झटकले. हे मतदान मी अनेकदा मनात फिरवून पाहिलंय. दुकानं गेल्यावर त्या योजनेत बँकांना मूळचं काही उरलं नव्हतं आणि चिडूनही मत दिलं जातं, हे मला समजतं. पण विनातारण देणेकरी, म्हणजे मामांसारखे लोक, बाजूने का होते? त्यांना पुढची पायरी माहीत होती. पुढे दिवाळखोरीचं न्यायाधिकरण, आणि तिथे त्यांना शून्य.

तसंच झालं. २० जुलै २०२२ ला न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. वित्तीय देणेकऱ्यांचे दावे सुमारे २१ हजार कोटींचे. इच्छुकांच्या यादीत सुरुवातीला मोठी नावं होती, पण माल संपलेली, जागा गेलेली, रॅक दुसऱ्याचे असलेली कंपनी घेऊन करायचं काय? सगळ्यात मोठी बोली निघाली ५५० कोटींची. तिलाही पुरेशी मतं मिळाली नाहीत आणि जुलै २०२४ मध्ये अवसायनाचा आदेश झाला. मधल्या काळात व्यवस्थापनावर संशयास्पद व्यवहारांचे आरोप करणारे अर्ज दाखल झाले आहेत. ते आरोप आहेत. त्यांच्या आधारावर मी इथे कुणाला चोर म्हणणार नाही, आणि माझ्या उत्तराला त्याची गरजही पडत नाही.

आता दोष कुणाचा किती ते सांगतो. धंदा आजारी पाडण्याचा दोष जवळजवळ सगळा प्रवर्तकांचा आणि त्यांच्या ‘हो’ला ‘हो’ म्हणणाऱ्या मंडळाचा. वडील बरोबर आहेत. साथ आली नसती तर कदाचित दोन-तीन वर्षं आणखी निघाली असती, २०१२ सारखा घरातला आणखी एखादा दागिना विकून. पण आजारी समूहाचे २४ हजार कोटी येत होते आणि मेलेल्या फ्युचर रिटेलचे साडेपाचशेसुद्धा आले नाहीत, या फरकातला निम्मा दोष मी बँकांच्या पदरात घालतो. उरलेला अ‍ॅमेझॉन आणि रिलायन्स यांच्यात तुम्ही भावंडांनी वाटून घ्या. दोघांनीही स्वतःच्या फायद्याचं केलं, आणि कायद्याने त्यांना कंपनीच्या पुरवठादारांची काळजी घ्यायला सांगितलेलं नव्हतं. कोर्टांना दोष देण्याची फॅशन आहे. मी देत नाही, फक्त एवढं म्हणतो की वेफर्सच्या पुड्यावर जी तारीख छापलेली असते ती सुनावणीच्या तारखेसाठी थांबत नाही.

डीमार्टचं उदाहरण कुणी ना कुणी देणारच. ती साखळी २००२ मध्ये पवईतून सुरू झाली, शक्य तिथे जागा विकत घेतली, पुरवठादाराला लवकर पैसे देऊन भाव पाडून घेतला आणि दुकानं सावकाश वाढवली. यात पैसा जमिनीत अडकतो, वेग मारला जातो, आणि चर्चेत बियाणींना जो मान मिळायचा तो कित्येक वर्षं डीमार्टच्या दमाणींना मिळाला नाही. पण टाळेबंदीत त्यांच्या बहुतेक दुकानांच्या दारात भाडं मागायला कुणी उभं नव्हतं.

आता मामांचे सतरा लाख.

अवसायनात पैसे वाटण्याची रांग कायद्याने ठरलेली आहे. आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची चोवीस महिन्यांची देणी आणि तारणदार बँका, बरोबरीने. मग इतर कर्मचाऱ्यांचे बारा महिन्यांचे पगार. मग विनातारण कर्ज देणारे. मग सरकारी कर आणि बँकांची तारण विकून न भागलेली बाकी. त्यानंतर उरलेले सगळे, आणि मालाचा पुरवठादार या ‘उरलेल्यां’त येतो. लघुउद्योगाची नोंदणी असली तरी रांगेत पुढे जाता येत नाही. पंचेचाळीस दिवसांत बिल देण्याचा नियम कंपनी जिवंत असेपर्यंत उपयोगाचा. दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली की वसुलीचे दावेच थांबतात. तेव्हा सतरा लाखांतलं काही येईल असं धरून मुलीच्या लग्नाची तारीख ठरवू नका.

दावा तरीही भरायचा. अवसायकाने जाहीर केलेल्या मुदतीत, ‘फॉर्म सी’मध्ये, बिलं आणि माल पोचल्याची शिक्क्याची चलनं जोडून. दावा कागदावर असेल तर बुडीत रक्कम खर्ची टाकताना आयकरात बाजू भक्कम होते. त्यासाठी रक्कम हिशोबाच्या वहीत प्रत्यक्ष बुडीत म्हणून लिहून टाकावी लागते, नुसतं मनात धरून चालत नाही. त्या बिलांवर भरलेला जीएसटी मात्र गेला. बुडीत उधारीवरचा जीएसटी परत मिळत नाही, आणि मला विचाराल तर लहान कारखानदारावर यासारखा अन्याय दुसरा नाही.

आणि मामांना एक काम सांगा. त्या साखळीच्या डेबिट नोटांची, म्हणजे बिलातून कपात कळवणाऱ्या कागदांची, फाईल काढायला सांगा. पैशांची चणचण लागलेली साखळी पहिल्यांदा बिल थकवत नाही. आधी ती डेबिट नोटा पाठवायला लागते: दोन डबे फुटके, योजनेतला फरक, माल कमी पोचला, जाहिरातीत तुमचा वाटा. एकेक नोट हजार-दोन हजारांची, भांडायला परवडत नाही अशी. महिन्यावार बेरीज करून एका कागदावर मांडा आणि ती कोणत्या महिन्यापासून चढायला लागली तेवढा महिना मला कळवा. मी ज्यांचे दावे भरले त्यांच्यापैकी बहुतेकांच्या फायलीत तो महिना शेवटचं पेमेंट येण्याच्या वर्षभर तरी आधीचा निघतो, आणि त्या वर्षभरात त्यांनी नेहमीपेक्षा जास्त माल पाठवलेला असतो.